बिनतोंडाचा सेनापती

अक्का समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून कधी बोलल्या नाहीत. त्या ओठांकडे बघायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपल्या दातांत काहीतरी अडकलंय. उठून आरसा बघून आले, परत येऊन बसले, तरी त्यांची नजर तिथंच. पुन्हा उठायला लागले तेव्हा म्हणाल्या, "अगे, बस. काही अडकलेलं नाही. तुझे ओठ चांगले मिटतात म्हणून बघते आहे. तुला डब करायला सोपं जाईल."

माणसाबद्दल याहून चांगलं काही बोलता येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. उलट ज्याच्याबद्दल त्या "त्याचं सिंक बसत नाही" म्हणायच्या, त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. सिंक म्हणजे पडद्यावरचे ओठ आणि आपला आवाज यांचा मेळ. शब्द आमच्या धंद्यातला, पण अक्कांनी तो सगळ्या जगाला लावला होता. एकदा मी घरून भांडून आले होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सगळं ठीक आहे. "सिंक नाही गे," एवढंच म्हणाल्या आणि आपल्या डब्यातलं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, माझ्याकडे सरकवलं. तोंड भरलेलं असलं की माणसाला खोटं बोलता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

मी मूळची नाशिकची. नवरा सरकारी संशोधन संस्थेत, म्हणून बंगळुरूला आले, आणि व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलून कंटाळले म्हणून रोज मेट्रो पकडून या स्टुडिओत यायला लागले. स्टुडिओ म्हणजे कॉटनपेटेत एका हार्डवेअरच्या दुकानावरचा मजला. खाली कुणी पाइप कापून मागितला की वर रेकॉर्डिंग थांबायचं. परदेशातून आलेली कार्टून तिथं कन्नड, तेलुगू आणि मराठी बोलायला शिकायची. मराठीचं भाषांतर माझ्याकडे. मालक कन्नड माणूस. मराठीतलं त्यांना ओ की ठो कळायचं नाही, पण पडद्यावर तोंड हलतंय आणि आवाज संपलाय असं झालं, तर पलीकडच्या खोलीतून धावत यायचे.

अक्का माझ्या कितीतरी आधीपासून तिथं होत्या. साठी केव्हाच उलटलेली, अंगानं भरलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, कारण कडक साडी माइकमध्ये सळसळते. आणि या बाई नऊ वर्षांच्या पोराचा आवाज होत्या. एका साहसी मालिकेचा तो नायक. गुहेत शिरणारा, बेटावर अडकणारा, मोठ्यांनी जाऊ नकोस म्हटलं की हमखास जाणारा. महाराष्ट्रातली पोरं त्याच्यावर जीव टाकायची. त्याच्या आत एक आजीच्या वयाची बाई बसलेली आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या आवाजासाठी अक्का लाकडी पाटावर बसायच्या, आणि माइक मात्र उभ्या माणसाच्या उंचीवर लावायला लावायच्या. गुडघे दुखतात, खुर्ची घ्या, असं सांगून आम्ही सगळे थकलो. "नऊ वर्षांचं लेकरू सगळ्या जगाशी वर बघून बोलतं," त्या म्हणायच्या. "मान वर केल्याशिवाय तो येत नाही." तो म्हणजे पोरगा. तो यायचा, जायचा, एखाद्या दिवशी रुसून यायचाच नाही, आणि मग त्या दिवशी काम होत नसे. बांगड्या काढायला त्या तयार नव्हत्या आणि वाजलेल्या माइकला चालत नव्हत्या, म्हणून दोन्ही मनगटांना रुमाल बांधलेले असायचे. पोरगा पळाला की या बसल्या जागी पाय आपटायच्या. पोरगा खायला लागला की याही खायच्या, आणि तो जे खाईल तेच. सफरचंदाच्या जागी बिस्किट खाऊन आवाज देणाऱ्या एका नटाला त्यांनी नट मानायचंच सोडून दिलं. एका भागात पोरगा विहिरीत पडला, तेव्हा तोंडात पाणी धरून त्या इतक्या खऱ्या बुडाल्या की माझी स्क्रिप्ट भिजली आणि मालक धावत आले.

तो आवाज स्टुडिओपुरता ठेवला असता तर त्या अक्का कसल्या. क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांचे फोन त्या पोराच्या आवाजात घ्यायच्या. पलीकडचा म्हणायचा, बेटा, मम्मी को फोन दो. "मम्मी मर गयी," पोरगा शांतपणे सांगायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. रिक्षावाला मीटरवर यायला तयार नसला, तर मागच्या सीटवरून एक नऊ वर्षांचा मुलगा त्याला कन्नडमध्ये असा झापायचा की तो आधी आरशात बघायचा, मग मागं वळून बघायचा, आणि कुंकू दिसलं की निमूट मीटर टाकायचा.

त्यांचं घरचं मराठी मात्र निराळं होतं. 'कुठे' नाही, 'कोठे'. 'गप्प बस' नाही, 'उगा राहा'. मध्येच सरी, साकु, स्वल्प असे कन्नड शब्द घरचे होऊन बसलेले. सरी म्हणजे ठीक, साकु म्हणजे पुरे, स्वल्प म्हणजे जरासं. याच कॉटनपेटेत, याच बोलण्यात त्यांच्या कित्येक पिढ्या जन्मल्या, लग्नं करून भांडल्या आणि गेल्या. माइकसमोर बसल्या की त्या आमचं पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि बिनचूक बोलायच्या. "ते पोराचं मराठी," म्हणायच्या. "माझं मी घरी ठेवून येते."

एकदा आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं. त्यांनी पोराचा आवाज काढून दाखवला तेव्हा मुलांनी हॉल डोक्यावर घेतला. कार्यक्रम संपल्यावर आमच्यातले एक गृहस्थ, पुण्याचे, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले, जवळ येऊन फार कौतुकानं म्हणाले, "किती छान बोलता हो तुम्ही. मराठी कधी शिकलात?"

"तुम्ही कधी शिकलात?" अक्कांनी विचारलं.

"आम्ही म्हणजे... आमची तर मातृभाषाच."

"मग माझी कोणाची?"

गृहस्थ ओशाळून हसले आणि सुटका करून घ्यायला म्हणून आणखी खोल गेले. "नाही, म्हणजे मूळ कुठलं तुमचं?"

"इथलं."

"ते झालं हो. पण ओरिजिनली?"

"ओरिजिनली आईच्या पोटातलं," अक्का म्हणाल्या आणि ताटातला मोदक उचलला.

मी हसून हसून बेजार झाले होते. पण त्यांना कॅबमध्ये बसवून द्यायला खाली गेले, तेव्हा त्या हसत नव्हत्या. "बाजारात कन्नडवाले विचारतात, तुम्ही कोठल्या म्हणून. येथे मराठीवाले विचारतात, तुम्ही कोठल्या म्हणून. मी काय दोन्हीकडे भाड्यानं राहते काय गे?" मी कॅबचं दार नीट लागलं का ते बघितलं.

मग ते स्वल्प प्रकरण झालं.

दोराच्या पुलावर मैत्रीण पुढं पळते आणि पोरगा तिला मागून हाक मारून थांबवतो, असा प्रसंग होता. मी लिहिलं होतं, "जरा थांब." पण पडद्यावर पोराचे ओठ पहिल्याच शब्दात मिटत होते, आणि 'जरा' म्हणताना ओठ मिटत नाहीत. अक्कांचा नियम एकच. ओठ मिटले तेथे प, ब नाहीतर म, बाकी देवाची मर्जी. मी शब्द शोधत कागद खरडत होते, तेवढ्यात पाटावरून पोराचा आवाज आला, "स्वल्प थांब." प अगदी नेमक्या जागी पडला. तो शब्द त्या चेहऱ्याला इतका शोभला की मला तो बाहेरचा वाटलाच नाही. मालकांनी अंगठा दाखवला आणि भाग पुढं गेला.

चॅनेलचं ऑफिस मुंबईत. तिथं मराठीची जबाबदारी एका मॅडमकडे होती. त्यांना आम्ही फक्त लॅपटॉपच्या पडद्यावर बघितलेलं. बाई कामाला चोख होत्या, वेळेच्या पक्क्या होत्या, आणि आवाज कधी चढवत नसत, हे सांगायला हवं. कुणा पालकानं त्यांच्याकडे तक्रार केली की आमचा मुलगा हल्ली 'स्वल्प दे', 'स्वल्प सरक' असं बोलायला लागलाय. मॅडमनी कॉल लावला.

"अक्का, स्वल्प हा कन्नड शब्द आहे. आपल्या हिरोच्या तोंडी तो कसा आला?"

"तुम्ही लिहिताना स्वल्पविराम देता ना?" अक्कांनी विचारलं.

"देतो."

"त्यातला स्वल्प कोणाचा?"

"तो वेगळा. तो संस्कृत."

"माझाही तोच की. तुम्ही विरामासकट घेतला, मी नुसता घेतला."

मी तोंडाला रुमाल लावला. मॅडम हसल्या नाहीत. लिहिण्यात चालतं, मुलांच्या तोंडी चालत नाही, पुढच्या भागापासून काळजी घेऊ या, असं म्हणून त्यांनी कॉल बंद केला. मला वाटलं, विषय मिटला.

पुढचा भाग आला तो परग्रहवासीयांच्या हल्ल्याचा. एका छोट्या गावावर यान उतरतं. त्यांच्या ग्रहावरचं पाणी संपलेलं असतं, म्हणून गावाचं तळं त्यांना हवं असतं. मोठी माणसं पळून जातात, आणि आपला पोरगा तळ्याच्या काठी उभा राहून त्यांच्या सेनापतीला अडवतो. मी आणि अक्का स्क्रिप्ट घेऊन बसलो, तर पहिल्याच ओळीला अडलो. यान बघून पोरगा ओरडतो, तेव्हा त्याचं तोंड जेमतेम तीनदा उघडतं. मी त्यात 'परग्रहवासी' कोंबला होता.

"ओरडताना एवढा मोठा शब्द कोण काढतं?" अक्का म्हणाल्या. "तोवर ते येऊन, जेवून, झोपतील." त्यांनी प्रसंग मागं नेऊन पुन्हा बघितला, ओठ हलवून पाहिले आणि म्हणाल्या, "परके. 'परके' म्हणून ओरडेल तो." सुरुवातीला ओठ मिटत होते, शब्द तीनच अक्षरांचा. मी परग्रहवासी खोडून परके लिहिलं.

त्याच आठवड्यात मॅडमचा पुन्हा कॉल आला. त्या नेहमीसारख्याच गोड बोलल्या. पोराचा आवाज या भागापासून पुण्याच्या एका मुलीकडून करून घेणार होते, तिची भाषा स्वच्छ आहे म्हणाल्या. मी विचारलं, इतकी वर्षं अक्कांचा आवाज मुलांच्या कानात बसलाय, त्याचं काय? मॅडम म्हणाल्या, मुलं आठवड्यात विसरतात.

"आणि आम्ही अक्कांना सोडत नाही हं," त्या पुढं म्हणाल्या. "उलट मोठा रोल आहे. अक्का, परग्रहवासीयांचा सेनापती तुम्ही करा. आणि त्याला तुमच्या त्या घरच्या भाषेतच बोलू दे. ते स्वल्प, सरी, सगळं घाला. परग्रहावरचा आहे ना, भाषा विचित्र वाटली पाहिजे. मुलं खूप हसतील."

माझं डोकं सणकलं. लॅपटॉप बंद करून टाकावा असं वाटलं. अक्का मात्र शेवटपर्यंत मॅडमच्या ओठांकडे एकटक बघत होत्या. कॉल संपल्यावर म्हणाल्या, "सिंक बसलं. मनात होतं तेच बोलली." मग मनगटांचे रुमाल सोडून त्यांनी घड्या घातल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी मालकांना सांगितलं की सेनापती मी करते. मालक खूश झाले. मला अक्कांचा भयंकर राग आला. ज्या बाईनं मोदक खाता खाता एका माणसाला गार केलं होतं, ती असं मान खाली घालून हो म्हणते, हे मला सहन होईना. मी तसं त्यांना तोंडावर म्हटलं.

अक्कांनी मला हाताला धरून पडद्यासमोर बसवलं आणि सेनापतीचा चेहरा थांबवून ठेवला. उंच, राखाडी, कपाळात एक दिवा. बोलायला लागला की दिवा लुकलुकायचा.

"याला तोंड कोठे आहे म्हणून दाखव," अक्का म्हणाल्या.

मी बघितलं. तोंड नव्हतंच. डोळ्यांखाली सरळ हनुवटी.

"दिवा लागला की बोलतो, विझला की थांबतो. मध्ये काय बोलला, चित्राला काय कळतं? जन्मभर दुसऱ्याच्या ओठात मावेल तेवढंच बोलले मी. हा पहिलाच भेटला बिनतोंडाचा. म्हणजे तोंड माझं." मग जरा वेळ त्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि मिशा नाहीत. बाई नाही कशावरून?"

त्यांनी मला विचारलं, ही येते कशाला म्हणून लिहिलंय. मी सांगितलं, पाण्यासाठी. "मग असेच येतात," त्या म्हणाल्या. "आमचे लोक कोणत्याशा फौजेच्या मागून आले म्हणतात. फौज परत गेली. आमच्या लोकांना येथलं पाणी मानवलं."

रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या पाटावर बसल्या नाहीत. माइकसमोर उभ्या राहिल्या. रुमाल बांधले नाहीत. बांगड्या वाजतील म्हटलं, तर म्हणाल्या, सेनापती आहे, वाजू दे. मुंबईहून आलेल्या स्क्रिप्टमध्ये मॅडमनी सेनापतीच्या जवळजवळ प्रत्येक ओळीला 'अय्यय्यो' जोडून दिलं होतं. अक्कांनी पेन घेऊन ते सगळे खोडले. मॅडम लॅपटॉपवरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे अय्यय्यो म्हणतात ना?

"म्हणतात की. तव्याचा चटका बसला म्हणजे," अक्का म्हणाल्या. "पृथ्वी घेताना कोण म्हणतं?"

मग दिवा लागला आणि अक्का बोलल्या. "लेकरांनो, उगे राहा. लांबून आलो आम्ही. स्वल्प सरका, जागा करा." आवाज चढवला नाही, वाकडा केला नाही. चार खोल्यांच्या घरात तीस माणसांची पंगत उठवणारी बाई ज्या सुरात बोलते, त्या सुरात. वाक्य समजत नसूनही मालक दारात येऊन उभे राहिले.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण फनी होत नाहीये. थोडं अजून उचला."

अक्कांनी तेच पुन्हा तसंच म्हटलं. मॅडम म्हणाल्या, अजून थोडं. अक्कांनी आणखी एकदा म्हटलं, केसाचाही फरक न करता. मग हेडफोन एका कानावरून सरकवून शांतपणे विचारलं, "विनोद कोठे आहे म्हणून दाखवा मॅडम. तेथे करते."

"अहो, असा एका जागी नाही दाखवता येत. ती भाषाच..." एवढं बोलून मॅडम थांबल्या.

"बोला की," अक्का म्हणाल्या.

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, चला, शेवटचा सीन घेऊ.

शेवटी सेनापती हरतो. जाण्याआधी तो तळ्याकाठी पोरासमोर उभा राहतो. त्याचं वाक्य होतं, "अय्यय्यो, चुकलो आम्ही, पुन्हा येणार नाही." दिवा लागला. अक्कांनी कागद स्टँडवरून उचलून खाली ठेवला. "लेकरा, स्वल्प ऐक," त्या म्हणाल्या. "मी आल्यापासून बोलते आहे..."

"थांबा, थांबा," मॅडम म्हणाल्या आणि चित्र तिथंच थांबवायला लावलं. "हे स्क्रिप्टमध्ये नाही."

मालक मध्ये पडले. त्यांच्या दृष्टीनं सगळं उत्तम चाललं होतं. "मॅडम, लिप ही नहीं है, तो लिप-सिंक का क्या प्रॉब्लेम? सिंक ओके है." त्या दिवशी मला मालकांना मिठी मारावीशी वाटली. मॅडमचा आवाज तरीही चढला नाही. लिहिलंय तसं रिटेक घ्या, त्या म्हणाल्या, नाहीतर आम्ही सेनापती मुंबईत करून घेऊ.

"घ्या करून," अक्का म्हणाल्या. "करणाऱ्याला माझ्या घरचं बोलणं येणार नाही. तुम्हाला हवी ती थट्टा येईल. ती मी करणार नाही, दुसऱ्या कोणाकडूनही करून घ्या." त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले, "साकु" म्हणाल्या, कोपऱ्यातला पाट काखेत घेतला आणि हार्डवेअरच्या दुकानाशेजारचा जिना उतरून गेल्या. मालकांनी नंतर खूप फोन केले. दोनदा घरी जाऊन आले. अक्का त्यांना कॉफी द्यायच्या, पोरांची चौकशी करायच्या आणि नाही म्हणायच्या.

मला या सगळ्याचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. मी अजून त्याच स्टुडिओत आहे. पोराचे ओठ जिथं तसे मिटतात, तिथं मी 'स्वल्प' लिहिते. मॅडम तो काढतात. पुढच्या भागात मी पुन्हा लिहिते.

तो भाग लागला त्या रविवारी सकाळी मी अक्कांच्या घरी गेले. त्यांचा मुलगा बोम्मसंद्राच्या कारखान्यात, त्या दिवशी त्याची पाळी होती. घरी अक्का आणि कन्नड घरातून आलेली त्यांची सून. सून मराठी बोलते ते अक्कांचंच, फक्त सासूला कन्नडमधलं 'अत्ते' म्हणते. आम्ही तिघी टीव्हीसमोर बसलो. यान उतरलं. पोरगा ओरडला, "परके!" अक्का म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे गे. नेमकं टाकलं." मग सेनापती आला, आणि मुंबईतला कुणी नकलाकार त्याच्या दिव्याआडून बोलायला लागला. दर वाक्याला अय्यय्यो, दर शब्दाला हेल. सगळा गाव घाबरून पळत होता आणि सेनापती मात्र विदूषक. सुनेला आधी हसू आलं. मग तिनं सासूकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

अक्का बघत राहिल्या. शेवटचा सीन आला. तळ्याचा काठ, समोर पोरगा, त्याच्यासमोर तो उंच राखाडी सेनापती. अक्कांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. त्या उठून उभ्या राहिल्या. कपाळातला दिवा लागला.

"लेकरा, स्वल्प ऐक," अक्का म्हणाल्या. "मी आल्यापासून बोलते आहे. पाणी मागितलं, जागा मागितली, तुला दम दिला. सगळं माझ्या घरच्या बोलण्यात. समजलं की नाही तुला?"

पडद्यावरच्या पोरानं मान हलवली.

ती त्याची मान मूळ गोष्टीत कशासाठी हलत होती, कुणास ठाऊक. सेनापतीला माफ केलं म्हणून असेल. पण इतकी वर्षं ज्याच्यासाठी अक्का पाटावर बसून वर बघत आल्या, तो आता मान वर करून त्यांच्याकडे बघत होता आणि त्यानं हो म्हटलं. दिवा अजून लागलेलाच होता.

"मग मी परकी कशी?" अक्कांनी विचारलं.

तिथं पोराला वाक्यच नव्हतं. मागं यानाचं दार उघडलं, पायऱ्या उजळल्या, आणि सेनापती तिकडे वळायला लागला तशी अक्कांनी टीव्ही बंद केला.

सुनेनं काळ्या पडद्याकडे बघितलं. "अत्ते, मग गेली काय ती परत?"

"जाते कोठे," अक्का म्हणाल्या. "येथलीच आहे ती."